क्यूए रिफ्रेश केला की दर वेळी तीच रड: कॉपी घेण्याआधी काय बांधून ठेवायचं

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. कारखान्याचे हिशेब, साठा, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे सॅप. त्याची क्यूए, म्हणजे टेस्टिंगची, सिस्टीम प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या कामाच्या सिस्टीमच्या, कॉपीने ताजी केली. यालाच रिफ्रेश म्हणतात. शनिवारी रात्री सगळं हिरवं दिसलं म्हणून घरी गेलो. सोमवारी सकाळी डिस्पॅचचा प्रिंटर कोणी हात न लावता चलनं ओकायला लागला. एका ग्राहकाचा फोन आला की थकबाकीचं स्मरणपत्र दोनदा मिळालं. टेस्टिंगला बसलेल्या मुलीला लॉगिन मिळेना, आणि ज्याला मिळालं तो म्हणाला, माझं गेल्या महिन्याचं काम गायब आहे. दुपारपर्यंत सगळे बेसिसच्या, म्हणजे सॅप चालतं ठेवणाऱ्यांच्या, टेबलाभोवती. सहा महिन्यांनी पुन्हा रिफ्रेश, पुन्हा हाच मेळा.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बेसिस सांभाळते. डेव्हलपमेंट, क्यूए आणि प्रॉडक्शन अशा तीन सिस्टीम आणि त्यांच्यामागे अडीच माणसं. मी एक, मला ताई म्हणणारा धाकटा सहकारी दुसरा, आणि नेटवर्कवाला निम्मा आमचा, निम्मा गेटवरच्या कॅमेऱ्यांचा.

पहिले तीन रिफ्रेश मी यादी हातात धरून केले. दर वेळी काहीतरी फसायचं, मग यादीत एक ओळ वाढायची. यादी चार पानांची झाली तरी फसणं थांबेना. खूप उशिरा लक्षात आलं की माझी सगळी यादी कॉपी झाल्यानंतर काय करायचं याची होती. नुकसान मात्र बहुतेक वेळा कॉपीच्या आधी होऊन गेलेलं असायचं, नाहीतर सिस्टीम पहिल्यांदा उठते त्या दोन-चार मिनिटांत.

मुळात होतं काय

डेटाबेसचा बॅकअप क्यूएवर चढवला की क्यूएचं स्वतःचं असं डेटाबेसमध्ये काहीच उरत नाही. आपण म्हणतो "डेटा आणला", पण बिलं आणि साठ्याबरोबर बाकीचंही सगळं येतं: एसएम५९ या स्क्रीनमधले (सॅपमध्ये स्क्रीनना अशीच नावं असतात) बाहेरच्या सिस्टीमचे पत्ते, प्रिंटरच्या व्याख्या, मेल सर्व्हर, ठरवून ठेवलेले जॉब, वापरणाऱ्यांचे पासवर्ड, ट्रान्स्पोर्टची (एका सिस्टीममधले बदल दुसरीत नेण्याची) रचना, लायसन्स. म्हणजे उठते ती क्यूएच्या घरात, पण स्वतःला प्रॉडक्शन समजून. तिला जे करायला सांगून ठेवलेलं आहे ते ती प्रामाणिकपणे करते, आणि तिथेच आपले बारा वाजतात.

डिस्कवर जे फाइलींच्या रूपात असतं ते मात्र वाचतं: इन्स्टन्स प्रोफाइल (सिस्टीम कशी उठवायची ते सांगणारी फाइल), ट्रान्स्पोर्ट डिरेक्टरी, होस्ट फाइल. हा फरक डोक्यात पक्का बसला तर अर्धं काम झालं. पुढचे सगळे उपाय याच फरकावर उभे आहेत. जे डेटाबेसमध्ये आहे ते आधी बाहेर काढून ठेवायचं, आणि पहारा बसवायचा तो डिस्कवर किंवा नेटवर्कवर, कारण तो कॉपीने पुसला जात नाही.

उत्तरायणातला धडा

हा भाग जरा लांबेल, पण ज्यांच्या सिस्टीममधून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, निघतं त्यांनी हा तरी वाचावाच.

२०२३ची उत्तरायण, म्हणजे गुजरातची पतंगांची संक्रांत, शनिवार-रविवारी आली होती. १४ जानेवारी उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. बडोद्यात या दोन दिवसांत कारखान्याच्या गेटवर कुत्रंही फिरकत नाही, सगळं गाव गच्चीवर. शिवाय ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) जाऊन बसलेलं असतं आणि ३बीला (कर भरण्याच्या विवरणपत्राला) २० तारखेपर्यंत वेळ असतो, त्यामुळे अकाउंट्सवालेही शांत. रिफ्रेशला याहून चांगला मुहूर्त नाही असं मीच म्हटलं होतं.

शनिवारी कॉपी झाली. एसएम५९मध्ये ई-इनव्हॉइसचा पत्ता बदलून मी सँडबॉक्सचा, म्हणजे चाचणीच्या पोर्टलचा, केला. रविवारी दुपारी घरी उंधियो-जलेबी चालू, वरून "लपेट, लपेट"च्या आरोळ्या, आणि तेवढ्यात आमच्या एका टेस्टरने घरून लॉगिन करून तीन बिलं काढून पाहिली. तिन्हीला आयआरएन, म्हणजे पोर्टलचा बिल नोंदणी क्रमांक, मिळाला. त्याने मला खुशीत कळवलं, बेन, ई-इनव्हॉइस पहिल्याच झटक्यात चाललं. मीही खुश झाले. तिथेच शंका यायला हवी होती, कारण आमचं सँडबॉक्स पहिल्या झटक्यात कधीच चालत नाही.

सोमवारी सकाळी प्रॉडक्शनमधून आठवड्याचं पहिलं खरं बिल निघालं आणि पोर्टलने ते परत फेकलं: या बिलाचा आयआरएन आधीच तयार झालेला आहे. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. बाहेर ट्रक भरून उभा, ई-वे बिल (माल नेण्याचा सरकारी कागद) नाही, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर आणि डिस्पॅचचे भाई माझ्या डोक्यावर.

कारण समजलं तेव्हा थोडं हसूही आलं. आयआरएन म्हणजे पोर्टलने मनाने दिलेला आकडा नव्हे. पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चारांवरून काढलेला तो ६४ अक्षरांचा हॅश असतो. चारही गोष्टी सारख्या तर आयआरएनही तोच. आता कॉपी केलेल्या क्यूएमध्ये बिल क्रमांकांची मालिका कुठे उभी होती? शनिवारी प्रॉडक्शन जिथे थांबलं होतं तिथेच. म्हणजे टेस्टरचं पहिलं खोटं बिल आणि सोमवारचं पहिलं खरं बिल यांचा क्रमांक एकच. खोट्याने आधी जाऊन जागा पकडली.

आयआरएन रद्द करता येतो, पण तयार झाल्यापासून २४ तासांतच, आणि एकदा रद्द केला की तो बिल क्रमांक पोर्टलवर पुन्हा वापरता येत नाही. आम्ही वेळेत होतो. टेस्टरने रविवारी दुपारी चारला बिलं काढलेली, सोमवारी अकराला शोध लागला. तीन आयआरएन रद्द केले, प्रॉडक्शनमधली तीन बिलं रद्द करून नव्या क्रमांकाने काढली आणि ट्रक सुटला. वेळ निघून गेली असती तर पोर्टलवर रद्द करणं शक्यच नव्हतं. तिथला डेटा आपोआप जीएसटीआर-१मध्ये आणि तिथून ग्राहकाच्या २बीमध्ये (त्याच्या कर-क्रेडिटच्या पत्रकात) उतरतो, त्यामुळे ग्राहकाला न विकलेल्या मालाचं क्रेडिट दिसलं असतं आणि विवरणपत्रात दुरुस्त्या करत बसावं लागलं असतं.

पण मी पत्ता तर बदलला होता! हो, एसएम५९मधला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका प्रोग्रामरने टोकन (पोर्टलचा प्रवेशपास) मिळवण्याचा दुवा आणि लॉगिनची माहिती एका झेड तक्त्यात, म्हणजे आमच्याच लोकांनी बनवलेल्या तक्त्यात, ठेवली होती, आणि प्रोग्राम आधी तो तक्ता वाचायचा. एसएम५९ ही फक्त मागची सोय होती. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रामर नोकरी सोडून गेला होता. चांगला मुलगा होता, पण कागद लिहायचा कंटाळा.

त्यानंतर आम्ही चार गोष्टी केल्या. त्यांतल्या मधल्या दोन पुढच्या प्रत्येक रिफ्रेशला आपोआप लागू राहतात, चौथी दर वेळी करावी लागते.

पहिली शोधाशोध. सगळे झेड तक्ते आणि टीव्हीएआरव्हीसी (प्रोग्राम वाचतात त्या ठरीव मूल्यांचा तक्ता) तपासून "एचटीटीपी" हा मजकूर कुठे कुठे आहे ते काढलं. आम्हाला पाच ठिकाणं सापडली, त्यांतली दोन कोणालाच माहीत नव्हती. तुमच्याकडेही हे एकदा करा, पण यावर विसंबू नका. सहा महिन्यांत सहावं ठिकाण तयार झालेलं असतं.

दुसरी, प्रोग्राममध्येच पहारा. बाहेर सरकारी पोर्टलला, बँकेला किंवा ग्राहकाला काही पाठवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला सिस्टीमचं नाव, म्हणजे एसवाय-एसवायएसआयडी, तपासायचं. ते प्रॉडक्शनचं नसेल आणि पत्ता खऱ्या पोर्टलचा असेल तर तिथेच थांबायचं आणि मोठ्या अक्षरात सांगायचं. सिस्टीमचा हा तीन अक्षरी आयडी इन्स्टन्स प्रोफाइलमधून येतो, कॉपीमुळे बदलत नाही, म्हणून हा पहारा टिकतो. कोड दोन-तीन ओळींचा, पण तो सगळ्यांकडून लिहून घेण्यात आमचा एक महिना गेला.

तिसरी, फायरवॉल. क्यूए सर्व्हरला बाहेर जायला आता मोजकी दारं आहेत: सँडबॉक्स, अपडेट आणि आमचा स्वतःचा मेल सर्व्हर. बाकी सगळं बंद. नेटवर्कवाल्याने अर्ध्या तासात केलं आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथी, क्रमांक मालिका. रिफ्रेश झाल्या झाल्या क्यूएमधल्या बिलांची मालिका बदलून टाकायची. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंतचा असू शकतो आणि त्यात इंग्रजी अक्षरंही चालतात, म्हणून आम्ही क्यूएच्या क्रमांकांना वेगळं सुरुवातीचं अक्षर दिलं. वरचे तिन्ही पहारे फसून एखादं बिल निसटलंच, तरी ते खऱ्या बिलाच्या वाटेत आडवं येणार नाही, आणि पोर्टलवर बघताक्षणी कळेल की हे आमचं पाप आहे.

पहिल्यांदा उठवताना

बॅकअप चढवून झाला, आता सिस्टीम सुरू करायची. इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते, कारण कॉपीबरोबर प्रॉडक्शनचे जॉबही आलेले असतात. ज्या जॉबची वेळ कॉपीच्या तासांत उलटून गेली आहे, ते बॅकग्राउंड प्रोसेस मिळताच सुरू होतात. स्मरणपत्रांचा जॉब, आयडॉक (दुसऱ्या सिस्टीमला जाणारे दस्तऐवज) पाठवण्याचा जॉब, बँकेची फाइल काढण्याचा जॉब, सगळे रांगेत उभेच असतात. तुम्ही लॉगिनचा पासवर्ड आठवत असता तेवढ्यात मेल गेलेलीसुद्धा असतात.

म्हणून कॉपी सुरू करायच्या आधीच क्यूएच्या प्रोफाइल फाइलमध्ये आरडीआयएसपी/डब्ल्यूपी_एनओ_बीटीसी, म्हणजे बॅकग्राउंड प्रोसेसची संख्या, शून्य करून ठेवायचं. प्रोफाइल डिस्कवर आहे, ते पुसलं जात नाही. बॅकग्राउंड प्रोसेस एकही नाही म्हणजे एकही जॉब धावणार नाही. मग उठवा, डायलॉगमध्ये (थेट स्क्रीनवरून) बीटीसीटीआरएनएस१ हा रिपोर्ट चालवा. तो चालायला मोकळे सोडलेले सगळे जॉब स्थगित करतो. त्यानंतर बॅकग्राउंड प्रोसेस पुन्हा द्यायला हरकत नाही. पुढच्या कामांना त्या लागतातच.

याचा जोडीदार बीटीसीटीआरएनएस२, जो सगळ्यांना पुन्हा जागं करतो, त्याला हात लावू नका. माझ्या सहकाऱ्याने एकदा "काम झालं, आता आवरतो" म्हणून तो चालवला होता. प्रॉडक्शनचे झाडून सगळे जॉब उठले. बरोबर रीत अशी की स्थगित जॉब तसेच ठेवायचे किंवा काढून टाकायचे, आणि क्यूएचे स्वतःचे जॉब आधी काढून ठेवलेल्या यादीवरून नव्याने लावायचे. आमच्याकडे ते बाराच निघाले. क्यूएला बाराहून जास्त जॉब कशाला हवेत, हा प्रश्नही त्यानिमित्ताने विचारून झाला.

जॉब थांबले म्हणजे धोका संपला असं समजू नका. अर्धवट पडलेल्या रांगाही कॉपीबरोबर आलेल्या असतात. एसओएसटीमध्ये पाठवायची राहिलेली मेल, एसएम५८ आणि एसएमक्यू१, एसएमक्यू२मधले दोन सिस्टीममधले अडकलेले कॉल, ३० स्थितीतले बाहेर जाणारे आयडॉक, ६४ स्थितीतले आत येणारे. प्रॉडक्शनमध्ये हे सगळं यथावकाश जाणारच आहे, आणि क्यूएनेही पाठवलं तर समोरच्याला दोनदा मिळेल. ग्राहकाला दोन स्मरणपत्रं गेली ती याच वाटेने. कुठलंही बाहेरचं दार उघडण्याआधी या रांगा रिकाम्या करायच्या. मी मायेने एकेक बघत बसत नाही, सरसकट काढते.

मेलसाठी आणखी एक उपाय आहे आणि तो मला सगळ्यांत आवडतो. एडीआर६ तक्त्यात ग्राहक, पुरवठादार, सिस्टीम वापरणारे सगळ्यांचे ईमेल पत्ते असतात. रिफ्रेशनंतर आम्ही एक छोटा प्रोग्राम चालवतो, जो प्रत्येक पत्त्याच्या शेवटी ".इन्व्हॅलिड" हे इंग्रजी शेपूट लावतो. हे नाव इंटरनेटच्या मानकांत १९९९ सालीच मुद्दाम अवैध पत्ते बनवण्यासाठी राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे अशा पत्त्यावर मेल कधीच कोणाच्या खऱ्या पेटीत पडू शकत नाही. कोणी चुकून मेल सर्व्हर चालू केला तरी ते कुठेही पोचत नाही. टेस्टरला खरंच मेल बघायचं असेल तर त्याने त्या एका ग्राहकाच्या नोंदीत स्वतःचा पत्ता घालावा.

प्रिंटरचं तेवढं सोपं. एसपीएडीमध्ये सगळे आउटपुट डिव्हाइस कुलूपबंद, आणि क्यूएसाठी एक वेगळा प्रिंटर, तो माझ्या टेबलाशेजारी. डिस्पॅचच्या भाईंनी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली.

कॉपीच्या आधी क्यूएमधून काय काढून ठेवायचं

सगळ्यांत रडारड होते ती ट्रान्स्पोर्टवरून. क्यूएमध्ये आलेले पण प्रॉडक्शनला न गेलेले बदल कॉपीबरोबर पुसले जातात, आणि ते पुसले गेले हे टेस्टरला तिसऱ्या दिवशी कळतं. तो मग डेव्हलपरला शिव्या घालतो, डेव्हलपर मला. खरं तर ही यादी बनवायला डोकं लावावं लागत नाही: एसटीएमएसमध्ये प्रॉडक्शनच्या इम्पोर्ट रांगेत जे उभे आहेत, तेच क्यूएमध्ये जास्तीचे आहेत. कॉपीच्या दिवशी त्या रांगेची प्रत क्रमासकट काढून ठेवायची आणि नंतर त्याच क्रमाने क्यूएला पुन्हा चढवायची.

क्रमाला मी उगाच महत्त्व देत नाही. एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या रांगेत असतील आणि जुनी नंतर चढली, तर नवीन काम जुन्याने झाकलं जातं. आमच्याकडे असं एकदा झालं. टॅक्सच्या गणनेतली एक चूक, जी दुरुस्त होऊन महिना झाला होता, ती परत आली आणि दोन दिवस सगळे डेव्हलपरच्या पाठीमागे लागले होते. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, दोष रांग उलटी लावणाऱ्याचा होता. तो कोण होता ते जाऊ दे.

या यादीचा एक फायदा असाही की रिफ्रेशच्या आधी ती सगळ्यांना दाखवता येते. आठ महिने क्यूएत पडलेला, कोणी विचारत नाही असा बदल दिसला की मी विचारते, हा हवा आहे का? अर्ध्यांचं उत्तर असतं, अरे, हा अजून आहे?

वापरणाऱ्यांच्या नोंदी एससीसी८मधून सॅप_यूझर या प्रोफाइलने बाहेर काढून ठेवायच्या आणि कॉपीनंतर आत घ्यायच्या. नाहीतर क्यूएमध्ये प्रॉडक्शनचे अधिकार आणि प्रॉडक्शनचे पासवर्ड राहतात, टेस्टचे खास यूझर नाहीसे होतात, आणि खऱ्या लोकांचे चालू पासवर्ड टेस्टच्या सैल सिस्टीममध्ये पडून राहणं बरं नाही. डीडीआयसी या सॅपच्या मुख्य यूझरचा पासवर्डही प्रॉडक्शनचाच होतो, तो माहीत आहे ना याची खात्री आधी करा. आमच्याकडे तो एका बंद पाकिटात, ते पाकीट अकाउंट्सच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली असलेले साहेब नडियादला लग्नाला. रात्री साडेदहाला फोन करून त्यांच्या मुलाला कपाटापर्यंत पाठवलं.

आरएफसीच्या (दुसऱ्या सिस्टीमशी असलेल्या जोडण्यांच्या) व्याख्या काढून ठेवता येतात, पण त्यांचे पासवर्ड सुरक्षित साठ्यात वेगळे असतात, ते सहसा पुन्हा हाताने घालावे लागतात. म्हणून ते कुठेतरी नीट ठेवलेले असावेत. क्यूएचं लायसन्सही एसलायसन्समधून फाइल करून ठेवा, कारण प्रॉडक्शनचं लायसन्स दुसऱ्या यंत्राच्या हार्डवेअर कीशी बांधलेलं असतं. लायसन्स, प्रमाणपत्रं, एसई०६मधून ट्रान्स्पोर्टची नव्याने मांडणी, ही कामं कंटाळवाणी आहेत पण सरळ आहेत, त्यांवर जास्त लिहीत नाही.

डिस्कची जागा मात्र आधी बघा. प्रॉडक्शन वाढत असतं, क्यूएची डिस्क कोणी वाढवत नाही. बॅकअप ९० टक्के चढल्यावर जागा संपते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, हा माझा अनुभव.

नाव बदलायचं ते खोलवर

सिस्टीमला एक लॉजिकल नाव असतं, उदाहरणार्थ पीआरडीसीएलएनटी१०० किंवा क्यूएएससीएलएनटी१००. कॉपीनंतर ते प्रॉडक्शनचंच असतं. बरेच जण एससीसी४मध्ये जाऊन हाताने बदलतात आणि झालं म्हणतात. पण हे नाव फक्त तिथे नसतं, ते बीकेपीएफपासून सीओईपीपर्यंतच्या तक्त्यांतल्या लाखो जुन्या नोंदींत लिहिलेलं असतं. वरचं बदललं आणि आतलं राहिलं की सिस्टीमला ते दस्तऐवज परके वाटतात. अकाउंटच्या नोंदीवरून मूळ बिल उघडायला जावं तर ती समजते की ते दुसऱ्या सिस्टीममध्ये आहे. असं काही दिसलं तर बहुतेक हेच कारण.

बीडीएलएस हे सॅपचं साधन नाव बदलण्याचं हे काम नीट करतं, पण वेळ खातं. आमचं पहिलं रात्रभर चाललं. नंतर मोठे तक्ते वेगळे काढून चार गटांत एकाच वेळी चालवलं, तेव्हा तीन तासांवर आलं. आधी चाचणी फेरी चालवून कुठल्या तक्त्यात किती नोंदी आहेत ते पाहिलं की गट कसे पाडायचे ते कळतं. आणि क्यूए दुसऱ्या टेस्ट सिस्टीमशी, म्हणजे वेअरहाउस किंवा बीडब्ल्यूशी (अहवालांच्या सिस्टीमशी) बोलत असेल तर तिच्याही नावांची जोडी द्यायची. एक विसरलं की ती सिस्टीम परत प्रॉडक्शनशी बोलू बघते.

माणसांचा डेटा

एचआर आमच्याकडे त्याच सिस्टीममध्ये आहे. म्हणजे रिफ्रेशच्या दुसऱ्या दिवशी क्यूएत सगळ्यांचे पगार, बँक खाती आणि आधार क्रमांक खरे असतात, आणि क्यूएचे अधिकार आपण टेस्टिंगच्या सोयीसाठी मोकळे ठेवलेले असतात. बाहेरच्या कंत्राटी कन्सल्टंटलाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे चालवून घेण्यासारखं राहिलेलं नाही, पण मला खरा चिमटा बसला तो कायद्याने नाही. एका टेस्टरने चहाच्या वेळी दुसऱ्याला त्या दुसऱ्याचाच पगार सांगितला. त्या दिवसापासून मूळ पगार, बँक आणि ओळखपत्रांच्या इन्फोटाइपवर (एचआरच्या नोंदींवर) मास्किंग होतं, म्हणजे खरी माहिती झाकली जाते, आणि ते यूझर उघडायच्या आधी. नंतर करू असं म्हटलेलं कधीच होत नाही.

काही जण विचारतात की पूर्ण कॉपीऐवजी फक्त क्लायंट कॉपी, म्हणजे सिस्टीममधल्या एकाच कप्प्याची कॉपी, का नाही. लहान डेटाला चालेल. पण क्लायंट कॉपी सुरू असताना मूळ क्लायंटमध्ये कोणी काम करू नये, नाहीतर डेटा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा होतो. आमचं प्रॉडक्शन तीन पाळ्यांत चालतं, त्याला एवढा वेळ कोण बंद ठेवू देणार? बॅकअपवरून चढवताना प्रॉडक्शनला पत्ताही लागत नाही. दिवाळी ते लाभपाचम बाजार बंद असतो तेवढ्या दिवसांत क्लायंट कॉपी बसेल, पण तेव्हा मला घरी फराळ खायचा असतो.

शेवटी यूझर उघडायच्या आधी मी एक काम स्वतः करते, सहकाऱ्यावर सोपवत नाही. आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकाच्या नावाने क्यूएमधून एक बिल काढते आणि त्याचं मेल पाठवते. बिलाच्या क्रमांकाच्या सुरुवातीला आमचं अक्षर दिसायला हवं. आयआरएन मागितला की प्रोग्रामने अडवायला हवं, मग पत्ता सँडबॉक्सचा करून पुन्हा मागितला की मिळायला हवा. एसओएसटीमध्ये मेल लाल पडून तिथेच राहायला हवं. प्रिंट दिला तर तो माझ्या टेबलाशेजारी निघायला हवा. हे चारही झालं की मगच कुलपं काढते. गेल्या वेळी तिसऱ्या पायरीवर मेल हिरवं झालं होतं, म्हणून रविवारी संध्याकाळी उघडायची सिस्टीम सोमवारी दुपारी उघडली. टेस्टर वैतागले, पण बाहेर कोणालाही काही गेलं नाही.